गरगरबाईंचा तास

कॉलेजच्या प्रवेश-खिडकीमागे बसणाऱ्या बाई दर गुरुवारी चार वाजता खिडकी बंद करत आणि जिन्याखालच्या, कॉलेजच्या रेडिओ-केंद्राच्या खोलीत शिरत. तिथे त्या तासभर सायकेडेलिक रॉक लावत. उलट्या वाजवलेल्या गिटारी, ताप आल्यासारखा ऑर्गन, मध्येच कुठल्यातरी दूरच्या बेटावरचे ढोल. मुलं त्यांना गरगरबाई म्हणत. हे कौतुक आहे की तक्रार, हे बाईंना कधी ठरवता आलं नव्हतं.

बाईंच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. ते दुकानात न चुकता कार्यक्रम लावत. प्रेम म्हणतात ते हेच असावं.

"दुसरं गाणं कसं होतं?" बाई विचारत.

"दुसरं सुरू कधी झालं?"

यंदा प्राचार्यांनी कळवलं होतं की हे कुणी ऐकतं असं दिसलं नाही, तर पुढच्या सत्रापासून हा तास करिअर मार्गदर्शनाला जाईल. नोकरी राहणारच होती. पण आठवड्यातला हा एकच तास असा होता, की ज्यात बाईंना कुणी 'फोटो किती लागतात' असं विचारत नसे.

म्हणून त्या गुरुवारी त्यांनी आपली सर्वांत लाडकी रेकॉर्ड काढली. तिच्या ऐन मध्यावर सगळे वादक एकदम गप्प होतात आणि बराच वेळ गप्पच राहतात. बाईंच्या मते ते गाण्याचं काळीज होतं. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून त्यांनी ती शांतता मनसोक्त ऐकली.

रेकॉर्ड संपल्यावर डोळे उघडले तर फोन वाजत होता. त्या फोनवर एरवी फक्त राँग नंबर येत.

"बाई, कहर केलात! ते आजोबा शिस्तीवर बोलतात आणि मागून गिटार रडते, कुठला बँड हो?"

"कोण आजोबा?"

एकामागून एक फोन आले. शेवटी रेडिओचा तंत्रज्ञ डोकं खाजवत आला. "ताई, स्टेशन गप्प झालं की मशीनला वाटतं काहीतरी बिघडलं. मग ते ठेवणीतली टेप लावतं. प्राचार्यांचं स्वागताचं भाषण. आणि मशीन जुनं, गाणं परत आलं तरी टेप थांबत नाही."

"पण मला काहीच ऐकू आलं नाही!"

"तुमच्या हेडफोनमध्ये फक्त तुमची रेकॉर्ड. बाहेर दोन्ही."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचं बोलावणं आलं. त्यांनी चक्क खुर्ची पुढे केली.

"आधी सांगितलं असतंत, तर नव्यानं बोलून दिलं असतं. माझा मुलगा माझं एक वाक्य कधी पुरतं ऐकत नाही. काल त्याचा फोन. म्हणे, बाबा, ते परत लावायला सांगा."

मान डोलावली असती तर काम झालं असतं. बाईंनी मान डोलावलीही. पण तोंड ऐकेना.

"सर, ते मी लावलं नव्हतं. मशीननं लावलं. मला शांतता लावायची होती."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेपरवेट उचलून परत तिथेच ठेवलं. "म्हणजे चूक झाली."

"हो."

"नंतर ऐकलंत तुम्ही?"

"तीनदा."

"मग? कसं वाटलं?"

"माझ्या गाण्याची वाट लागली, सर," बाई म्हणाल्या. "आणि आता ते तुमच्याशिवाय ऐकलं की ओकंबोकं वाटतं."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"तेच कळत नाहीये."

प्राचार्यांनी टेबलावरचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, "करिअरवाल्यांना शुक्रवार देऊ. त्यांना निदान सगळं कळलेलं असतं."

बाई उठल्या. आनंद झाला होता बहुतेक. दारापर्यंत पोचल्या तोच मागून, मुख्याध्यापकांसमोर उभं केलेल्या मुलाच्या आवाजात प्रश्न आला, "मग पुढच्या गुरुवारी मी बोलायचं, की नाही?"

बाई दाराच्या कडीवर हात ठेवून थांबल्या.

"तुम्ही या तर," त्या म्हणाल्या. "बघू."