बावीस मिनिटांचं गाणं

गाणं लावण्याआधी गोकुळ ते किती मिनिटांचं आहे ते बघायचा. पाचाच्या वर असलं तर नको म्हणायचा.

इअरफोन एकाच कानात घालायचा.

रिक्षात गाणी चालू असली तर ती रिक्षा सोडून पुढची बघायचा.

लग्नात डीजेवाल्याचा हात दिसेल अशी खुर्ची धरायचा.

गाण्याची लय वाढली की बाकीचे मान डोलवायचे. हा सैल व्हायचा, श्वास सोडायचा.

गाणं संपलं की उठून स्वयंपाकघरात डोकावून यायचा. दुसऱ्याच्या घरीसुद्धा.

आमची ओळख अकरावीतली. मी पुढं मराठीत एमए केलं. त्यानं शिक्षण सोडलं आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला दुकान टाकलं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. कुणी स्पीकर आणला तर हात न लावता परत पाठवायचा. त्याला गाण्यांचा कंटाळा आहे एवढंच मी समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मित्राची, सम्यकची हळद होती. मांडवात डीजे होता. गोकुळ नेहमीसारखा ऑपरेटरच्या समोर बसला होता. बाजूच्या घरात कुणाचा तरी वाद चालला होता. बाईचा आवाज चढला. ऑपरेटर हसला आणि त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

गोकुळ खुर्च्या तुडवत गेला. त्यानं आधी वायर उपटली. मग माइक उचलून ऑपरेटरच्या तोंडावर मारला. दुसऱ्या फटक्याला दात पडला. तिसरा फटका माझ्या मनगटावर बसला, कारण मी मध्ये हात घातला होता.

नळाखाली हात धुताना तो म्हणाला, "त्या घरात जाऊन बघ."

"काय बघू?"

"बाईला लागलं का ते."

मी गेलो. दोघी जावा पाण्यावरून भांडत होत्या. कुणी कुणाला हात लावला नव्हता. मी परत येऊन तसं सांगितलं. तो तिथंच नळापाशी बसला आणि मग त्यानं मला सगळं सांगितलं.

त्याचे वडील तात्यासाहेब मूळचे बिडकीनकडचे. जमीन कारखान्यांत गेली आणि ते मुकुंदवाडीत दोन मजली घर बांधून राहिले. घरात मोठा टेप होता, दोन बाजूंना स्पीकरची दोन खोकी. तात्यासाहेबांना कव्वालीचा शौक आहे असं गल्ली म्हणायची. टेप लागला की शेजारी म्हणायचे, तात्या रंगात आले.

तात्यासाहेब आधी दार लावायचे. मग कॅसेट निवडायचे. मग आवाज वाढवायचे. मग गोकुळच्या आईला, आवडाबाईंना मारायचे. गाणं संपलं की थांबायचे. टेप बंद करायचे आणि जेवायला मागायचे.

"गाण्याभर मारायचे," गोकुळ म्हणाला. "अर्ध्यात कधीच थांबले नाहीत."

त्यामुळं कोणती कॅसेट काढली ते पोरांना लांबून बघून कळायला लागलं. गोकुळ आणि त्याची थोरली बहीण तनुजा लोखंडी पेटीमागं बसायची. गाण्यांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. 'टाळ्यांची' सहा मिनिटांची. ती निघाली तर तनुजा त्याच्या पाठीवर थोपटायची. 'घोड्याची' अकरा मिनिटांची, तिचा ढोलक टापांसारखा वाजायचा. आणि 'खोकल्याची'. तिच्या सुरुवातीला गाणारा खोकतो. ती बावीस मिनिटांची. खोकला ऐकू आला की तनुजा गोकुळचे कान आपल्या हातांनी दाबून धरायची.

"कव्वाली शेवटाला पळायला लागते," तो म्हणाला. "टाळ्या जोरात. तेव्हा आम्हाला बरं वाटायचं. आता संपणार."

त्या वेळी मार सगळ्यात जास्त असायचा हेही त्यानं सांगितलं. तात्यासाहेब लयीत मारायचे.

एकाच पेटीमागून दोघं दोन तऱ्हेनं बाहेर पडली. तनुजाच्या सासरी उठल्यापासून झोपेपर्यंत मोबाईलवर गाणी चालू असतात, कोणतीही. बंद झाली की ती दचकते. गोकुळला शांतता लागते.

सतरा वर्षांचा असताना गोकुळनं वडिलांचा हात धरला. 'घोड्याची' सुरू होती. त्यानं हात मागं पिरगळला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर घरात टेप लागला नाही. टेप आणि कॅसेटी माळ्यावर गेल्या. तात्यासाहेब आणि गोकुळ एकाच घरात राहत, एकमेकांशी न बोलता जेवत.

गेल्या दिवाळीनंतर आवडाबाईंनी त्या कॅसेटी मागितल्या.

मी तिथंच होतो. गोकुळ ताट सोडून उठला. "त्या? त्याच कॅसेटी?"

"माझ्या हायेत त्या," आवडाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या कवा व्हत्या? ह्यांना गाण्यातलं काय कळतंय. माझ्या आबाच्या हायेत."

तेव्हा आम्हाला कळलं. आवडाबाईंचे वडील लष्कराच्या छावणीत पाण्याच्या पंपावर कामाला होते. त्यांना कव्वालीचं वेड. खुलताबादच्या उरुसाला लेकीला घेऊन जायचे आणि छोट्या टेपवर भरून आणायचे. अकरा कॅसेटी. लग्नात त्यांनी त्या लेकीच्या पेटीत ठेवल्या. गाणारे कुणी नावाजलेले नव्हते. त्या आवाजांची दुसरी प्रत कुठंच नाही.

गोकुळनं विचारलं, "तुला ऐकवतील?"

"गाण्यानं काय केलंय रे मला? गाणं हात उगारतंय का?"

घाई होती. आवडाबाईंचा डावा कान कधीच गेला होता. तात्यासाहेबांचा पंजा तिथंच बसायचा. आता उजवाही उतरत चालला होता. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं, जमलं तर दीड. यंत्र लावून बोलणं कळेल, पण गाणं गाण्यासारखं राहणार नाही, असंही सांगितलं.

"एक मला शेवटाला ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "तो खोकतो ना आधी, ती. गाणं संपल्यावर आबा बोलतेत त्यात. 'आवडे, ऊठ, चल घरला.' मी झोपले व्हते त्यांच्या मांडीवर. लग्न झाल्यापासून नाय ऐकलं. गाणं संपलं की हे टेप बंद करायचे."

गोकुळ माझ्याकडं बघत राहिला. बावीस मिनिटांच्या पुढं काही आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

काम त्यानं स्वतः अंगावर घेतलं. टेप खाली काढला, नवा बेल्ट बसवला, हेड स्पिरिटनं पुसलं. टेपमधून वायर काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. टेपचा आवाज शून्यावर ठेवला तरी लॅपटॉपमध्ये गाणं भरलं जात होतं. त्यामुळं त्याला ऐकावं लागत नव्हतं. पण गाणं जेवढं लांब तेवढा वेळ बसावंच लागायचं. तो स्टुलावर बसून टेपवरचा हलणारा काटा बघायचा. कागदावर ओळी आखल्या होत्या: कॅसेट, बाजू, मिनिटं, पुढं बरोबरची खूण. रोज दुपारी दुकान बंद करून एक बाजू. भरलेलं गाणं मोबाईलवर टाकून तो इअरफोनची एक गोळी आईच्या उजव्या कानात बसवायचा. आवडाबाई डोळे मिटून ऐकायच्या. बोटं मांडीवर टाळी धरायची.

'खोकल्याची' त्यानं शेवटी ठेवली.

तो दिवस मंगळवारचा होता. दुपारचे अडीच. मी कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन त्यांच्या गल्लीत शिरलो. वरच्या मजल्यावरून कव्वाली ऐकू आली. मोठ्यानं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

मी खाली थांबलो. मला वाटलं, सुटला. स्वतः आवाज वाढवून ऐकतोय. मध्ये जाऊ नये. समोरची सुलेखाकाकू कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "तात्या रंगात आलेत वाटतं लई दिसांनी."

"गोकुळनं लावलंय," मी म्हणालो आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेलो.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. थोडं गोकुळकडून, थोडं तात्यासाहेबांच्या जबाबातून. दोघांनी सांगितलेलं जुळतं.

तात्यासाहेब दुपारची झोप टाकून खोलीत आले. फिरणारी कॅसेट त्यांनी ओळखली. "लांबडी लावली व्हय?"

गोकुळ काटाच बघत राहिला.

"बहिरीसाठी एवढा कुटाणा? तिला काय ऐकू येणार हाय?"

"उजव्या कानानं येतं."

तात्यासाहेब हसले. "मग तो राहूनच गेला म्हनायचा माझ्याकडून."

गोकुळ उठला. दार लावलं. टेपचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. तात्यासाहेबांनी लावलेल्या दाराकडं पाहिलं. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

आधी हातानं. मग स्टूल आपटून त्याचा पाय काढला आणि त्या पायानं. तात्यासाहेब ओरडले नाहीत. जबाब घेणाऱ्या हवालदारानं विचारलं, ओरडला का नाहीत. ते म्हणाले, "गाणं ठावं व्हतं. किती राहिलंय ते कळत व्हतं."

आवडाबाई पलीकडं स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांनी मला हे हॉस्पिटलच्या बाकावर सांगितलं. "आवाज मोठा झाला तसं माझं अंग आखडलं. परात सोडली. भिंतीला टेकून बसले, डोकं हातात धरून. बसले, बसले. मार काय आला नाय. मग म्हनलं, आज नुसतं गाणं हाय. मग ऐकलं." मग म्हणाल्या, "लई गोड लागलं रे."

माझा चहा संपत आला होता तेव्हा गाणं तुटलं. संपलं नाही, तुटलं. आधी सूर खाली घसरला, मग काहीच नाही. आणि त्या शांततेत वरून ठप्प ठप्प असा आवाज आला. ओल्या गोणीवर लाकूड मारल्यासारखा. सुलेखाकाकूच्या हातातलं कापड तसंच राहिलं.

मी जिना चढलो. दार आतून लावलेलं. मी तीन लाथा घातल्या तेव्हा कडी निघाली.

तात्यासाहेब भिंतीच्या कोपऱ्यात मुडपून पडले होते. जबडा एका बाजूला गेला होता. डाव्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं. एक हात त्यांनी उजव्या कानावर दाबून धरला होता. फरशीवर दातांचे तुकडे होते. गोकुळच्या हातात स्टुलाचा पाय होता, त्याला केस चिकटले होते.

मी त्याला कवेत आवळलं. तो झगडला नाही. त्यानं टेपकडं पाहिलं. टेपनं कॅसेटची फीत खाल्ली होती, तपकिरी गुंता टेपच्या झाकणाबाहेर लोंबत होता.

"अजून आठ मिनिटं होती," तो म्हणाला.

आवडाबाई दारात आल्या. पीठ लागलेल्या हातांनी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आधी नवऱ्याकडं पाहिलं. मग मुलाकडं बराच वेळ पाहिलं.

"गोकुळ," त्या म्हणाल्या, "तू पण गाणं लावून?"

त्यानं स्टुलाचा पाय खाली ठेवला.

मी फोन केला, मग तात्यासाहेबांच्या कानावर टॉवेल दाबून बसलो. ते माझ्या शर्टाची बाही धरून होते. ॲम्ब्युलन्स यायला पंचवीस मिनिटं लागली, पोलिसांना त्याहून जास्त. त्या वेळात गोकुळ पळाला नाही. हात धुऊन आला आणि टेपसमोर मांडी घालून बसला. स्क्रू-ड्रायव्हरनं टेपचं झाकण उघडलं. चार स्क्रू एका वाटीत ठेवले. चाकांत अडकलेली फीत चिमट्यानं बाहेर काढली, एकेक वेढा, न तोडता. कॅसेटच्या भोकात पेन्सिल घातली आणि उलटी गुंडाळायला लागला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. रक्त लागू नये म्हणून तो फीत शर्टाच्या टोकानं धरत होता.

पोलीस आले तेव्हा हातभर फीत गुंडाळायची राहिली होती.

पोलिसांनी गल्लीत विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: गाणी लागली होती, तात्या शौकीन माणूस आहेत. मीही सांगितलं की मला गाणं ऐकू आलं. नंतर मी चहा प्यायला गेलो हे मी सांगितलं नाही. इथं लिहितो आहे.

तात्यासाहेब वाचले. आता डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. तनुजा येऊन दोघांना जेवण देते. गाणी लावत नाही. गोकुळ हर्सूलच्या तुरुंगात आहे. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, "आईनं शेवट ऐकला?"

"नाही."

"फीत चुरगळली असेल तिथं. हळू गुंडाळ. घाई केली तर तुटेल."

त्या दुपारची फाईल माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. चौदा मिनिटं गाणं, आणि नंतर बॅटरी संपेपर्यंत एक तास चाळीस मिनिटं काहीच नाही.

आवडाबाई मला दर आठवड्याला विचारतात, शेवट कधी ऐकवतोस. परवा दोनदा विचारलं, कारण माझं उत्तर त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी त्या खोलीत जातो. कागदावर एकवीस खुणा आहेत. बाविसाव्या ओळीत त्यानं आधीच लिहून ठेवलंय: अकरा, ब बाजू, बावीस मिनिटं आणि पुढं आबा. टेपचं झाकण उघडं आहे. स्क्रू वाटीत आहेत. पेन्सिल कॅसेटच्या भोकात आहे, आणि हातभर फीत बाहेर.