विमानाची रेघ आणि माझी दाढ

माझ्या तोंडात एक दाढ कमी आहे आणि ती एका लढाऊ विमानामुळे गेली.

(हसू नका. विमान हातभर लांब होतं, प्लॅस्टिकचं होतं आणि माझ्या सासऱ्यांचं होतं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात धोकादायक!)

सासरे, म्हणजे शिरोळचे मामा, हवाई दलात मेकॅनिक होते. उमेदीची सगळी वर्षं ज्या विमानाचे नटबोल्ट आवळले, त्याचंच मॉडेल ते आता जोडत होते. पण हात थरथरायला लागले आणि नेमकं नाजूक काम उरलं. खऱ्या विमानाचे पत्रे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे बारीक फटी दिसतात. तशाच रेघा मॉडेलवर टोकदार हत्यारानं कोराव्या लागतात. जेवताना मी फुशारकी मारली, "त्यात काय अवघड हाय मामा? द्या की माझ्याकडं!"

मामांनी खोकं माझ्या हातात दिलं. लेक सासरी पाठवतानाही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

"जपून हं, पावणं. रविवारी न्यायला येतो. माझं दोन जुनं दोस्त बघाय येणार हायती."

शनिवारी सकाळी कामाला बसलो. हत्यार म्हणून बायकोच्या दवाखान्यातला दात टोकरायचा आकडा आणला. (बायको दातांची डॉक्टर. शाहूपुरीत वर घर, खाली दवाखाना. विचारून आणला का? नाही.) डाव्या पंखावर स्टीलची पट्टी धरून पाच रेघा इतक्या सुरेख मारल्या, की मी चक्क शीळ घालायला लागलो. सहाव्या रेघेला पट्टी सरकली आणि आकडा पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करकरत गेला!

मामा ओरडतील याची भीती नव्हती. ते ओरडणार नाहीत, नुसते थरथरत्या हातानं पंख परत खोक्यात ठेवतील, याची होती. पंख टॉवेलात गुंडाळून मी खाली पळालो.

"केवढी चीर ही! आणि माझा आकडा घेतलासा?" बायको कडाडली.

"दातात भरतीस ते सिमेंट भर की यात! पाया पडतो तुझ्या!"

"भरते. पण आधी तुम्ही खुर्चीत बसा. दोन वर्षं ती किडकी दाढ लपवतायसा."

त्या खुर्चीच्या भीतीनं मी दोन वर्षं मटण एकाच बाजूनं चावत होतो.

"उद्या बसतो."

"मग पंखपण उद्या."

"उद्या मामा येणार!"

"मग बसा."

बसलो. इंजेक्शनची सुई दिसताच मी अशी बोंब ठोकली, की बाहेर नंबर लावून बसलेले दोन पेशंट उठून गेले! (तिसरे आजोबा राहिले. त्यांना ऐकू येत नव्हतं.) दाढ निघाली. मग त्याच खुर्चीत पंख आला. बायकोनं चीर भरली, निळा दिवा धरून सुकवली, घासली. पंखानं हूं की चूं केलं नाही.

तेवढ्यात दारात मामा! एक दिवस आधीच!

"राहवंना, म्हटलं बघून यावं. गालाला काय झालं, पावणं?"

"ऊं... आं..." माझ्या तोंडात कापसाचा बोळा.

मामांनी पंख खिडकीपाशी नेला. चष्मा पुसला. बोट हळूहळू पंखावरून फिरलं आणि बरोब्बर त्या जागी थांबलं.

"हे दाताचं सिमेंट कुणी भरलं?"

मी बोळा काढला. "चुकलो मामा. पट्टी सरकली. माफ करा."

"सरकतीच की ओ!" मामा म्हणाले. "माझी तर दर पंखाला सरकायची. म्हणून तर खोक्यात पुट्टीची ट्यूब ठेवलीती. चुकली रेघ की बुजवायची, घासायची, परत मारायची. खोक्याचा तळ बघितला न्हाईसा व्हय?"

मी बायकोकडे बघितलं. ती शांतपणे हातमोजे काढत होती.

"मला म्हाईत होतं की," ती म्हणाली. "खोकं आलं त्याच दिवशी बघितलीती ट्यूब. पण सांगितलं असतं, तर तुम्ही खुर्चीत बसला असतासा व्हय?"

मामा इतके हसले, की त्यांना माझ्याच खुर्चीत बसवावं लागलं.

उजव्या पंखाच्या रेघा अजून बाकी होत्या. हत्यार उचलायच्या आधी मी ट्यूब समोर काढून ठेवली आणि आरशापुढे उभा राहून उरलेल्या दाढा मोजल्या.