संत्र्यांची तुला

आमच्या अमरावतीच्या डॉक्टरांना हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र हवं होतं. तोवर त्यासाठी पेशंटला पार मुंबई गाठावी लागे. बरेच जण मुंबईऐवजी वरच जात. निधी कसा जमवायचा म्हणून बागायतदारांची बैठक बसली आणि ठरलं, तुला करायची! एका माणसाच्या वजनाइतकी संत्री, त्यांचा लिलाव, पैसा यंत्राला. माणूस शोधायची गरजच नव्हती. माझ्या बाबांएवढा वजनदार बागवाला पंचक्रोशीत नव्हता.

मी सासरहून, अकोटहून आले, तर घरात लग्न निघाल्यासारखी धामधूम. "धर्माचं वजन हाय, मांगं सरू नका," म्हणत आई बाबांच्या ताटात आणखी एक पोळी आणि वर तूप वाढायची. बाबा दिवसागणिक फुगत होते. जोड्यात पाय शिरेना, तेव्हा तो जोडा त्यांनी सगळ्या आळीला दाखवला. "पायबी दान करून राह्यले, पाहा!" जिना चढताना ते धापा टाकायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. इतकं खुळं घर वऱ्हाडात दुसरं नसेल, आणि इतकं खुशालही.

तुलेच्या दिवशी कापूस बाजारातला मोठा तराजू झेंडूच्या माळांनी मढवला होता. फेटा बांधलेल्या बाबांना पारड्यात मांडी घालता येईना, म्हणून ते पाय खाली सोडून बसले. दुसऱ्या पारड्यात करंड्यांवर करंड्या रिकाम्या होऊ लागल्या. "आणा, अजून आणा!" लोक अक्षरशः नाचत होते आणि बाबा हळूहळू वर चालले होते. तेवढ्यात डॉक्टरांनी भाषण सुरू केलं. हृदय थकलं की चढताना दम लागतो, पायांत पाणी साठतं. "नडगीवर अंगठा दाबून पाहा. खड्डा तसाच राहिला, तर माझ्याकडे या."

मग काय! अख्खा बाजार खाली वाकला. कुणी स्वतःची नडगी दाबतोय, कुणी व्याह्याची. हसून हसून पोटात दुखायला लागलं. बाबांचे पाय माझ्या तोंडासमोरच लोंबत होते. मीही गंमत म्हणून अंगठा दाबला.

खड्डा भरेना. जरा वर दाबून पाहिलं, तिथेही तेच. मी किंचाळले, तसे डॉक्टर भाषण सोडून धावत आले.

"उतरा. ही चरबी नाही, पाणी आहे."

"काटा तं जमू द्या, साहेब! थोडकंच राह्यलं."

चौघांनी धरून त्यांना उतरवलं आणि टांग्यात घातलं. वाटेत बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "दम तं दिवाळीपासूनच लागून राह्यला होता. पण सांगतलं असतं, तं तुमी मले उपाशी ठेवलं असतं. मंग संत्री कमी नसती पडली काय?" मी त्यांच्यावर ओरडलेही आणि रडलेही.

दवाखान्यात ते आडवे झाले की गुदमरत, म्हणून बसूनच झोपत. "मीच खाऊ घातलं," एवढंच आई बोलायची. ती खाटेच्या पायथ्यापासून हलली नाही. औषधं आणि बिनमिठाचं जेवण सुरू होतं, पण आशा आहे असं डॉक्टर काही केल्या म्हणेनात. मग पाणी उतरू लागलं. एका सकाळी बाबांनी स्वतःच्या ढगळ झालेल्या कपड्यांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी तं अर्धा झालो. पाण्याच्या वजनाची संत्री लोकायले वापस करा लागतील काय?"

डॉक्टर खुर्चीत बसून खो-खो हसले. ते हसले म्हणून आई हसली, आणि हसता हसता तिने बाबांच्या पायांवर डोकं टेकलं.

बाबा आमचे आम्हाला परत मिळाले होते.