ब्रश पुसायची जागा

सुजाता गेल्याचा फोन तिच्या धाकट्या भावाने केला, तेव्हा मी आमच्या स्टुडिओतच होते, चौकटीवर कॅनव्हास ताणून खिळे ठोकत होते. "आमची ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी 'बरं' म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेले खिळे ठोकले. हातातलं काम अर्धवट टाकलेलं तिला खपायचं नाही, म्हणून असेल... मग मात्र तिच्या रिकाम्या स्टुलावर बसून पोटभर रडले.

मार्केट यार्डाजवळ एका गोदामावरची ही खोली आम्ही दोघींनी मिळून घेतली, त्याला पुष्कळ वर्षं झाली. खालून मिरच्यांचा खकाणा यायचा आणि आम्ही शिंकत शिंकत चित्रं काढायचो. लोक दिवाळीला घर रंगवतात. आमचा स्टुडिओ एप्रिलमध्ये, चौदा तारखेच्या जयंतीच्या आधी रंगायचा. तिच्या येरवड्याच्या घरची ती रीत. पहिल्या वर्षी मी कुरकुर केली, तर म्हणाली, उन्हात भिंत लवकर वाळते, बाकी तुझ्या दिवाळीशी माझं भांडण नाही. रंगारी बोलवायचा नाही, हाही तिचाच कायदा. रंगांवर पोट भरणाऱ्या दोघींनी स्वतःची भिंत दुसऱ्याकडून रंगवून घ्यायची, याची तिला लाज वाटे. सामान मधोमध ओढायचं, चित्रं भिंतीपासून काढून पालथी ठेवायची, रंग वाळला की कपाट इकडे, टेबल तिकडे, असा दोन दिवस गोंधळ चाले. आमचे ईझल मात्र कधीच हलले नाहीत. कारण शेजारी फडकं लटकत असताना भिंतीला ब्रश पुसायची घाण सवय दोघींनाही होती. दोघींच्या ईझलशेजारी भिंतीवर तेलरंगाचा हातभर रुंद, जाड थर साचला होता, आणि दरवर्षी त्याच्या कडेकडेने पांढरा रंग देऊन आम्ही तो तसाच ठेवत असू. माझा थर मातकट. तिचा लालभडक.

या एप्रिलमध्ये ती जिन्यात दोनदा बसून वर आली. आजारपणाने निम्मी झाली होती. या वर्षी रंगारी बोलावू, असं मी सुचवून पाहिलं. "मी मेल्यावर बोलाव," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून भिंतीचा खालचा भाग रंगवायला लागली. वरचा मी शिडीवरून रंगवला. दुपारी मी खालून चहा घेऊन आले, तर तिने तिचा ईझल घडी करून दाराशी ठेवला होता आणि तिच्या लाल थरावर पांढऱ्या रंगाचा हात फिरत होता.

"अगं, हे काय करतेस?"

"इथे कुणाला तरी बसव. खिडकीचा एवढा उजेड फुकट घालवू नकोस."

पावसाळ्यात तूच येऊन बसशील, असं मी काहीतरी बोलले. तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "उपचार थांबवलेत मी. तुला सांगायचं राहिलं..."

मला तिचा भयंकर राग आला. स्वतःच्या हाताने ती स्वतःला पुसून टाकत होती आणि मी चहाचे कप धरून बघत उभी होते. निघताना तिने खोलीवर एकदा नजर फिरवली आणि कपाट वाकडं लागलंय, एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर जागेसाठी दोघातिघांनी विचारलं. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. तिने बजावलेलं मला पटत होतं, पण ते माझ्याच्याने होत नव्हतं. मग एका सकाळी तिच्या भिंतीवर पोपडे सुटलेले दिसले. तेलरंगावर तिने थेट डिस्टेंपर लावला होता, प्रायमरशिवाय. हीच चूक मी एकदा केली होती, तेव्हा आठवडाभर मला ऐकवणारी ही बाई! दमली होती म्हणून विसरली, की मुद्दाम केलं... विचारणार कुणाला? रोज थोडा पांढरा रंग गळून पडतो आणि तिचा लाल थोडा जास्त दिसतो. मी प्रायमर आणून ठेवला होता. डब्याचं झाकण अजून उघडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात कात्रजहून एक बाई जागा बघायला आल्या. शाळेत चित्रकला शिकवतात, घरी ईझल मांडायला जागा नाही. खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग भिंतीकडे वळून त्यांनी भीतभीतच विचारलं, "इथे ओल आलीय का हो?"

"नाही," मी म्हणाले. "ती ब्रश पुसायची जागा आहे. तुम्हीही तिथेच पुसा."