जाते की येते

लोणावळ्याच्या आमच्या हौशी मंडळानं वृद्धाश्रमावर संगीत नाटक बसवायचं ठरवलं, तेव्हा मंडळातल्या एकानंही वृद्धाश्रम आतून पाहिलेला नव्हता. नाटक लिहिणारे हायस्कूलचे मास्तर पुण्यात एकदा एका आश्रमाच्या फाटकापर्यंत जाऊन आले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी तीन अंक उभे केले. एकोणीसशे सत्तरनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. दिग्दर्शनही मास्तरांचंच होतं.

मला त्यातली म्हातारी हवी होती. तिला चार पदं होती, आणि लग्नानंतर माझं गाणं हळदीकुंकवापुरतं उरलं होतं. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे; तिथे गायचं म्हणजे प्रार्थना आणि पाढे. ही म्हातारी आपल्यालाच मिळावी असं मला फार वाटत होतं, लाज वाटावी इतकं. तिची चाल मी माझ्या आईची उचलली. आई गावी, इंदुरीला माझ्या भावाकडे असायची. उठल्यावर कुठं निघालो होतो ते आठवत ती क्षणभर थांबायची. ते थांबणं मी आरशासमोर घोटून घेतलं.

पात्रनिवड शाळेच्या सभागृहात झाली. दमट हवेनं पेटीच्या दोन पट्ट्या अडकल्या होत्या, तरी पद चांगलं झालं. मास्तरांनी मान डोलावली. मग प्रवेश वाचायला दिला. म्हातारी घर सोडून आश्रमात निघते आणि उंबऱ्यावर सुनेला म्हणते, "जाते मी."

मी म्हटलं, "येते मी."

"बाई, जाते," मास्तर म्हणाले.

मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तोंडून येतेच आलं. आमच्याकडे घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही. तसं म्हटलं की माणूस कायमचं जातं, हे लहानपणापासून इतकं ऐकलेलं की जीभच वळेना.

"अहो, ती परत येणारच नाहीये. नाटक त्यावरच तर आहे."

"पण तिला तसं म्हणवेल का, मास्तर? ती येतेच म्हणेल."

"लेखक मी आहे," मास्तर म्हणाले.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बोलले. बरंच बोलले.

माझ्यानंतर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एक बाई होत्या. दिवसभर लोकांचे नंबर जोडून आणि तोडून त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "जाते मी," त्या म्हणाल्या, फोन ठेवावा तसं. म्हातारी त्यांना मिळाली. मला पडद्यामागून वाक्यं सांगण्याचं काम देऊ केलं. मी नको म्हटलं आणि घरी येऊन रडले.

प्रयोग रविवारी दुपारी होता. आई तेव्हा माझ्याकडे आली होती, तिला घेऊन गेले. माझं काय झालं ते तिला सांगितलं नव्हतं. उंबऱ्याचा प्रवेश आला. एक्स्चेंजच्या बाई म्हणाल्या, "जाते मी."

"जाते म्हनू न्हाई, बाये," आई घरात बोलावं तशी बोलली. "येते म्हन."

काही जण हसले. बाई गोंधळल्या आणि आमच्या दिशेला बघत हळूच म्हणाल्या, "येते." पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. विंगेतल्या मास्तरांचा चेहरा इथून दिसत नव्हता, एवढंच काय ते वाईट वाटलं. मला इतका आनंद झाला की पुढचं पद मी नीट ऐकलंसुद्धा नाही.

शेवटचा पडदा पडला. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. आई बसूनच राहिली.

"चल, संपलं," मी म्हटलं.

"आगं, ती म्हातारी कुटं आली आजून घरला?"

"ती येत नाही, आई. तिथेच राहते, शेवटपर्यंत."

"आनि हे तिला ठावं व्हतं?"

"हो. पहिल्यापासून."

आईनं थोडा विचार केला. "मंग जातेच म्हनाया पायजे व्हतं तिनं," ती म्हणाली. "उगा खोटं कशापायी बोलायचं?"

मास्तर विंगेतून उतरून आमच्याकडेच येत होते. मी आईला दुसऱ्या दारानं बाहेर काढलं.