बोकडाच्या दिलातलं भोक

"हात लाव, हात लाव. चावत नाई ते."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समोरच्या ट्रेमध्ये बोकडाचं हृदय, दोन फुप्फुसं आणि वर श्वासनळी असा एकसंध ऐवज पडला होता, आणि आम्ही अठरा मुलंमुली भिंतीला पाठ लावून उभे होतो. बोलणारे आमचे प्रोफेसर नव्हते. प्रोफेसर व्हरांड्यात फोनवर होते. बोलत होते ते लॅबचे अटेंडंट. कोपरापर्यंत चढवलेल्या बाह्या, पायात स्लीपर आणि कानामागे पेन्सिल. त्या पेन्सिलीने ते हृदयातली झडप उचलून दाखवत आणि मग ती पुसून परत कानामागे खोचत. जंतुसंसर्गाचा तास आम्हाला वेगळा होता आणि तो दुसरे कोणी घेत.

सगळं कॉलेज त्यांना भाऊ म्हणायचं. प्राचार्य मॅडमही भाऊच म्हणत, फक्त रागावल्या की 'अहो भाऊ' म्हणत.

आमचं कॉलेज ब्रह्मपुरीत होतं. खाली बियाण्याचं दुकान, वर आम्ही. ईसीजी काढणारे, व्हेंटिलेटर सांभाळणारे तयार करायचा डिग्री कोर्स. दुसऱ्या वर्षाला हृदय आणि फुप्फुसाचा मोठा पेपर असायचा. पहिल्या वर्षी रक्त कुठून कुठे जातं एवढंच पाठ करायचं होतं. आता ते का जातं, किती जोराने जातं आणि गेलं नाही तर काय करायचं, हेही मानगुटीवर बसलं.

हा पेपर शिकवणारे सर स्लाइड वाचून दाखवत. 'नेक्स्ट' हा शब्दही ते शिकवायच्याच आवाजात म्हणत, त्यामुळे माझ्या शेजारणीच्या वहीत प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'नेक्स्ट' लिहिलेलं होतं. सरांचं आणि हृदयाचं काही वैर नव्हतं, पण ओळखही बेताचीच असावी.

ओळख होती ती भाऊंची. दहावी नापास माणूस. वीस-बावीस वर्षं ते वेगवेगळ्या सरांच्या मागे ट्रे धरून उभे राहिले होते. सर बदलत गेले, भाऊ ऐकत गेले. इंग्रजी नावं त्यांच्या तोंडी जरा वाकडी व्हायची, पण बोट बरोबर जागी पडायचं. आमच्या बाबतीत नेमकं उलटं होतं.

भाऊ सकाळी सायकलवर मटण मार्केटात जाऊन चाचा खाटकांकडून माल आणत. तो आणायला स्टीलचा जेवणाचा डबा. एकदा मॅडमनी भुकेच्या भरात तो आपला समजून उघडला. त्या दिवशी मॅडम जेवल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यावर लाल पेंटने 'दिल' असं लिहिलेलं आलं. भाऊंनी स्वतः लिहिलं होतं. त्यामुळे तो डबा भर रस्त्यातून घेऊन जाताना पोट्टे काय काय विचारत ते मी इथे लिहीत नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी. श्वासनळीत सायकलचा पंप लावायचा, सुतळीने आवळायचं आणि आमच्यापैकी सगळ्यात घाबरट असेल त्याला म्हणायचं, "मार हवा." ते मळकट, चेपलेलं मांस एकदम गुलाबी होऊन ट्रेभर फुगायचं. पहिल्या खेपेला दोघी किंचाळल्या आणि एक मुलगा खाली बसला. भाऊ शांतपणे म्हणाले, "तू आता जो श्वास रोखून धरला ना, तो इथी आहे." आणि फुप्फुसाच्या तळाशी टिचकी मारली.

झडपा शिकवताना ते हृदयात नळाचं पाणी भरत आणि बाहेरून दाबत. आतले पातळ पडदे टपकन मिटत. "वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत जाते. वापस चढते का?" धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या गावांतली आम्ही पोरं, आम्ही मान हलवायचो. "मग झालं. इतकंच आहे. बाकी सारं सरायले पगार भेटावा म्हणून आहे." सर तेव्हा तिथेच असत, पण फोनवर असत.

आता माझं सांगते. पहिल्या वर्षाला मी एकदा गचकले होते. आरमोरीला बाबांचं टेलरिंगचं दुकान आहे. बाबा ओरडले नाहीत, पायाने मशीन चालवत एवढंच म्हणाले, "आणखी एक डाव पाहू. मग पेटी घेऊन घरी ये." घरी येणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मावशीने दोन स्थळं बघूनच ठेवली होती. त्यातल्या एकाला माझ्या शिक्षणाबद्दल 'काही तक्रार नव्हती'.

म्हणून दुसऱ्या वर्षाला मी जीव तोडून अभ्यास केला. फक्त सुरुवातीचे तीन दिवस बुडाले, कारण चुलत बहिणीचं साक्षगंध होतं आणि मेंदी माझ्याशिवाय कोणाला काढता येत नव्हती. तेवढ्यानेच माझा घात झाला.

त्याचं असं, की चाचा हृदय देताना त्याला सुरीने एक चीर देत. आतलं गोठलेलं रक्त निघून जावं, गिऱ्हाइकाला धुवायला सोपं पडावं म्हणून. माल कॉलेजला जाणार की कढईत, चाचांच्या हाताला त्याचं काही नव्हतं. चीर पडायचीच, आणि नेमकी एकाच जागी. म्हणून भाऊ दरवर्षी पहिल्याच तासाला ती दाखवून सांगत, "हे चाचाचं काम होय, बोकड्याचं नाई. याचं चित्र काढू नका." त्या तासाला मी आरमोरीत बहिणीच्या हातावर मोर काढत होते.

पुढे मी ट्रेमधली सात-आठ हृदयं पाहिली. प्रत्येकाला तिथेच ती फट. पुस्तकात होतं, की हृदयाच्या स्वतःच्या शिरांमधलं रक्त एका तोंडातून उजव्या बाजूला परत येतं. ही चीरही उजव्या बाजूला. मी दोन आणि दोन जोडले, सुबक आकृती काढली, बाण दाखवला, नाव लिहिलं आणि खाली स्केचपेनने दोन रेघा मारल्या. कोणाला विचारावंसं मला वाटलंच नाही, इतकी मी हुशार झाले होते.

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी ट्रेमधलं हृदय माझ्याकडे सरकवलं आणि त्या फटीवर चिमटा ठेवून विचारलं, "हे काय?"

इतकं सोपं विचारतील असं वाटलं नव्हतं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "शिरांचं रक्त परत येतं ते तोंड, सर."

परीक्षकांनी चिमट्याने ती फट जरा रुंदावली. "बोकडाला हे तोंड जन्मतः असतं, की सुरीने पाडतात?"

मागची मुलं खुसखुसली. मला काही कळेना, आणि मग एकदम सगळंच कळलं. पेटी दिसली, मावशी दिसली, ज्याची काही तक्रार नव्हती तो दिसला. परीक्षकांनी पेन उचललं.

"सर, ते मी सांगितलं पोरीले."

ट्रे धरून मागे उभे असलेले भाऊ बोलले होते. परीक्षेच्या खोलीत अटेंडंट बोलत नसतो. कोणी नियम केलेला नाही, पण टेबलखुर्च्या बोलत नाहीत तसंच ते.

"तुम्ही कोण?"

"अटेंडंट, सर. माही चूक आहे. मी तसंच दाखवलं सबन बॅचले. तिले दुसरं विचारून पाहा."

"अटेंडंट शिकवतो इथे?" परीक्षकांनी आमच्या सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

मग परीक्षकांनी मला दुसरं विचारलं. झडपा विचारल्या, दाब विचारला, श्वास घेताना छातीत काय काय होतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. बोट बरोबर जागी पडत होतं. मी पास झाले.

आठवड्याभरात भाऊंची लॅबमधून स्टोअरला बदली झाली. लॅबमध्ये प्लॅस्टिकचं हृदय आलं. ते आकडी काढली की उघडायचं. त्यात पाणी भरता येत नव्हतं, आणि झडपा रंगवलेल्या होत्या.

मी स्टोअरमध्ये गेले. भाऊ झाडू मोजून भिंतीशी उभे करत होते.

"भाऊ, तुम्ही काऊन बोलले? तुम्ही तं असं कधी सांगितलंच नव्हतं."

"मी दहावी नापास. मी चुकलो तं कोणाले नवल वाटते? तू चुकली असती तं पेटी भरली असती."

"पण तुमची लॅब गेली ना!"

"लॅब का माह्या बापाची होती?" असं म्हणून ते पुन्हा पहिल्या झाडूपासून मोजायला लागले. माझ्यामुळे आकडा चुकला होता.

"मी मॅडमले खरं सांगते."

"रिझल्ट लागू दे आधी," ते म्हणाले.

रिझल्ट लागला. डिग्री मिळाली. गडचिरोलीला हॉस्पिटलात नोकरी मिळाली. मी सांगितलं नाही. आधी घाबरले म्हणून, मग वेळ नव्हता म्हणून, आणि पुढे पुढे तर विसरल्याचं सोंग घेतलं. तुम्हीही कधी असं सोंग घेतलं असेल, तर ते किती छान वठतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. ईसीजीच्या पट्ट्या काढताना, व्हेंटिलेटरचे आकडे बघताना, दिवसातून दहा वेळा मी भाऊंनी शिकवलेलंच वापरत होते. एक फोन मात्र झाला नाही.

मागच्या वर्षी आमच्या बॅचच्या ग्रुपवर कळलं, भाऊ गेले. साधा ताप होता, अंगावर काढला.

पुण्यानुमोदनाला मी गेले. ब्रह्मपुरीपर्यंत बस, पुढे त्यांच्या गावाला जीप. दारात मांडव होता. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण माइकवर बोलला. आमचे सरही बोलले. कागद काढून वाचलं, सवयीप्रमाणे. मग मी उठले. सगळं सांगितलं. ती चीर, माझी आकृती, परीक्षा, आणि भाऊ माझ्यासाठी खोटं बोलले ते. प्राचार्य मॅडम नंतर हळूच म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं गं. त्यांना लॅबमधून चुकल्याबद्दल नाही काढलं, परीक्षेत बोलले म्हणून काढलं."

भाऊंच्या बायकोने मला आत बोलावलं. पांढरं लुगडं, हातात वाढायचा डाव तसाच.

"म्हंजे ते चुकले नोते?"

"नाही, बाई. मी चुकले होते."

"घरी बी त्यायनं हेच सांगतलं, का मी चुकलो म्हणून." त्या भिंतीला टेकल्या. "मटण झालं का मी दिलाचा तुकडा त्यायच्या ताटात टाको अन् विचारो, सांगा मास्तर, हे भोक कायचं होय? सारं घर हासे. लेकी हासत, जवाई हासत."

"आणि भाऊ?"

"ते बी हासत. म्हणत, मले का मालूम, मी तं नापास."

मी त्यांच्या हातातला डाव घ्यायला पुढे झाले.

"मरेपर्यंत चिडवलं वं मी त्यायले," त्या म्हणाल्या. "अन् तू आता सांगून राह्यली?"

बाहेर पंगत बसत होती. त्यांनी पदराने डोळे पुसले, डाव सावरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवून जाजो."