न केलेली टिक

करी रोडच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आणि बिल्डरच्या ऑफिसातून मोबाईलवर भरायचा एक फॉर्म आला. इमारत उभी राहीपर्यंत शीवच्या संक्रमण शिबिरात जाणार की बिल्डरकडून भाडं घेऊन स्वतः घर शोधणार, एवढंच त्यांना हवं होतं. ‘मी शिबिरात राहण्यास तयार आहे’ या ओळीपुढे एक चौकट होती. तयार असाल तर टिक करा, नसाल तर रिकामी ठेवा.

आठवड्यानं सेक्रेटरींनी बोर्डावर यादी लावली. फॉर्म भरलेलं प्रत्येक घर शिबिरात जायला तयार! जिन्यातच भांडण पेटलं.

“मी टिक केलीच नव्हती,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

“मीही हात लावला नाही त्या चौकटीला,” बाबांचा आवाज सगळ्यात मोठा होता. “सेक्रेटरीला विचारा, काय मिळालं त्याला.”

मी वेबसाइट बनवण्याचं काम करते, म्हणून सेक्रेटरी फोन घेऊन माझ्याकडे आले. “बघ गं जरा. लोक मला चोर ठरवतायत.” मला त्यांचाही भरवसा वाटत नव्हता. मी काकूंना बोलावलं आणि दोघांसमोर फॉर्म भरायला घेतला. चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं, तर लाल अक्षरं उमटली: ‘कृपया ही चौकट निवडा.’ टिक केली, फॉर्म लगेच गेला.

“हां, असंच झालं होतं,” काकू हळूच म्हणाल्या. “पुढे जाईना, म्हणून मग केली.”

कोड उघडला. त्या चौकटीला सक्ती लावलेली होती. खाली ‘माहिती खरी आहे’ अशी दुसरी चौकट होती, तिला सक्ती हवीच. ऑफिसातला इंजिनिअर फोनवर म्हणाला, “मॅडम, खालची कॉपी करून वरची बनवली, त्यात ती सक्ती काढायची राहून गेली.” असं होतं, माझ्याही हातून झालंय. पण शिबिरात लोक गेले तर भाडं कुणाचं वाचणार होतं? मी अर्धाच विश्वास ठेवला.

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. टिक न करता फॉर्म जातच नव्हता. म्हणजे बाबांनीही टिक केली होती, आणि काकूंसारखं ते कबूल करत नव्हते. घरात मी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. बिल्डरचा माणूस त्यांना कुठे भेटला होता का?

ऑफिसनं चौकट काढून ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय दिले, दोन्ही कोरे. मी दोन्ही तपासले. सगळ्यांनी फॉर्म पुन्हा भरले. बाबांनी मला चहा ठेवायला पाठवलं आणि तेवढ्यात भरून टाकला.

नव्या यादीत बहुतेक ‘नाही’ होते. आमच्या घरापुढे ‘हो’.

“बाबा, पहिल्यांदाही तुम्ही मुद्दामच टिक केली होती ना?”

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. “लग्नानंतर तुझी आई आणि मी खोली शोधत फिरलो होतो. आडनाव सांगितलं की मालकाचा चेहरा बदलायचा. खोली कालच गेली म्हणायचे. आता या वयात परत नाही फिरायचं मला. शिबिरात आडनाव बघून कुणी दार लावणार नाही.”

“मग जिन्यात तसं का नाही सांगितलं?”

“जिन्यात सांगायची गोष्ट आहे ती?”

मी मनात काय काय रचलं होतं, ते त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

दिवाळीनंतर आम्ही शिबिरात राहायला गेलो. काकूंनी परळला खोली घेतली. आमचं सामान टेम्पोत चढवताना त्यांनी मला बाजूला ओढलं.

“खरं सांग, तुझ्या बाबांचं उत्तर त्या ऑफिसवाल्यांनीच फिरवलं ना?”

“नाही काकू. त्यांनीच दिलं.”

त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. टेम्पो निघाला तरी त्या माझ्याकडे बघत होत्या.